पोट उडायच्या आधी: बाळदमा असलेल्या लहान मुलाचं घर कसं चालवावं

रात्री अडीच वाजता मुलाचं पोट उडायला लागलं की घरात काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. हाताला लागेल ती चप्पल, अर्धवट मिटलेली छत्री, घरी विसरलेली फाईल आणि नाक्यावर रिक्षा शोधत उभा असलेला बाप. दवाखान्यात वाफ द्यायची, पहाटे घरी यायचं, तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. दीड ते साडेतीन या वयात आमची अशी किती रात्रींची जागरणं झाली ते मोजायचंच सोडून दिलं होतं.

आमची चूक रात्री होत नव्हती, दिवसा होत होती. खोकला थांबला, पोर खेळायला लागलं की औषधांची पिशवी कपाटात जायची आणि पुढच्या सर्दीलाच बाहेर यायची. बाळदम्यात जे करायचं असतं त्यातलं बहुतेक सगळं मूल ठणठणीत असतानाच करायचं असतं, हे समजायला आम्हाला दोन वर्षं लागली. मी डॉक्टर नाही. औषधांचे डोस तुमच्या बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायचे. ते अमलात कसे आणायचे, एवढंच इथे सांगते.

मुळात हा बाळदमाच आहे का?

पाच वर्षांखालच्या निरोगी मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे. पाळणाघर किंवा बालवाडी सुरू झाली की त्याहूनही जास्त. म्हणजे पावसाळ्यात दर महिन्याला नाक वाहतंय एवढ्यावरून "याची प्रतिकारशक्तीच कमी आहे" असं ठरवून ताकदीची सिरप आणायला धावू नका. मूल किती वेळा आजारी पडतं यापेक्षा सर्दी छातीत उतरते का, ते पाहा. दहा दिवस उलटूनही खोकला जात नाही, पहाटे तीन-चारला ढास लागते, खदखदून हसलं, पळालं किंवा रडलं की खोकला येतो, कान लावला तर छातीत सुंईसुंई ऐकू येते. त्यात अंगावर लहानपणापासून खाजरे चट्टे असतील किंवा आईवडिलांपैकी कुणाला दमा, ॲलर्जी असेल, तर शंका आणखी पक्की.

या वयात फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी होत नाही. ती साधारण पाच-सहा वर्षांनंतर जमते. डॉक्टर निदान करतात ते तुम्ही सांगितलेल्या हकिकतीवरून, छाती तपासून आणि दोन-तीन महिने औषध देऊन फरक पडतो का ते बघून. त्यामुळे हकीकत नीट सांगणं हाच अर्धा रिपोर्ट. धाप लागलेली असताना मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढा: शर्ट वर, दिवा चालू, गळ्यापासून बेंबीपर्यंत सगळं दिसेल असा, आवाजासकट. दवाखान्यात पोचेपर्यंत मूल बऱ्याचदा हसत असतं आणि आपण खोटे पडतो. व्हिडिओ असला की तसं होत नाही.

फाईलवर "व्हीझिंग", "ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस" असं गोलमोल लिहिलेलं असेल तर सरळ विचारा, "हा बाळदमा आहे का?" दमा हा शब्द ऐकून पालक घाबरतील म्हणून पुष्कळदा तो टाळला जातो आणि मग रोजचं औषधही टाळलं जातं. यातल्या बऱ्याच मुलांचा त्रास शाळेत जायच्या वयापर्यंत पुष्कळ कमी होतो. पण तोवरची वर्षं नीट काढायची असतात.

काही खुणा मात्र वेगळ्या आजाराच्या असू शकतात आणि त्या डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. वजन वाढत नाही, जन्मल्यापासूनच घरघर आहे, न्यूमोनिया दर वेळी एकाच बाजूला होतो, घरात किंवा शेजारी कुणाला टीबी आहे, झोपेत जोरात घोरतं आणि तोंडानेच श्वास घेतं. आणि एक खास आपल्या घरांतलं: चांगलं खेळणारं मूल शेंगदाणे किंवा फुटाणे खाताना ठसकलं आणि तेव्हापासून खोकतंय, तर तो दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो. तेव्हा पंप (इन्हेलर), वाफ यांच्यात वेळ न घालवता सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं.

दोन पंप, दोन कामं

निम्मा घोटाळा इथे होतो. एक पंप आवळलेली श्वासनळी लगेच मोकळी करतो, त्यात साल्ब्युटामॉल किंवा लेवोसाल्ब्युटामॉल असतं. हा त्रासाच्या वेळचा. दुसऱ्यात ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारखं कमी मात्रेतलं स्टिरॉइड असतं. ते नळीची आतली सूज हळूहळू उतरवतं आणि रोज द्यायचं असतं, खोकला असो वा नसो. धाप लागलेली असताना दुसरा पंप दिला तर त्या क्षणी काही होत नाही. पहिलाच रोज देत राहिलात तर सूज आत तशीच राहते. रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. आम्ही स्केचपेनने एकावर "रोज" आणि दुसऱ्यावर "धाप" असं लिहिलं, तेव्हा कुठे आजोबांचा गोंधळ थांबला.

"स्टिरॉइड" म्हटलं की घरात शांतता पसरते, आमच्याकडेही पसरली होती. पण आकडे पाहा. लहान मुलांच्या पंपाचा रोजचा डोस साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम असतो. अटॅक आल्यावर तोंडाने स्टिरॉइडचं सिरप दिलं जातं ते मिलिग्रॅममध्ये, आणि एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम असतात. औषधं वेगवेगळी असल्यामुळे सरळ भागाकार करता येत नाही, पण अंदाज येतो. रोजचा पंप टाळून वर्षातून चार-पाचदा सिरप घेणाऱ्या मुलाच्या अंगात स्टिरॉइड जास्तच जातं. उंचीवर परिणाम होतो का? थोडा होतो. वर्षानुवर्षं पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची साधारण एक सेंटिमीटरने कमी भरल्याचं दिसलं आहे. ते लपवण्यासारखं नाही. पण रात्रभर खोकून न झोपणारं, न जेवणारं मूलही वाढत नसतं. आणि "पंपाची सवय लागते" हे खरं नाही. लागते ती नियमितपणाची सवय, तीही मुलाला नाही, आपल्याला.

गोळी किंवा पुडीतून मॉन्टेलुकास्ट (दम्याचं आणखी एक औषध) दिलं जात असेल तर एवढं लक्षात ठेवा. मुलाला वाईट स्वप्नं पडायला लागली, चिडचिड किंवा विनाकारण भीती वाढली, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये या औषधावर मनावरील परिणामांबद्दलचा ठळक इशारा छापायला लावला. सगळ्यांना असं होत नाही, पण झालं तर "हट्टी झालाय" म्हणून आपण सोडून देतो.

पंप द्यायचा कसा

चार महिने आम्ही पंप "देत" होतो आणि गुण येत नव्हता. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "माझ्यासमोर देऊन दाखवा." मी मुलाला काखोटीला मारलं, तो रडतोय, मास्क अर्धा गालावर, दोन पफ सटासट. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "यातलं बहुतेक औषध गालाला लागलं." रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध फार थोडं पोचतं. त्या दिवशी शिकलेली रीत अशी:

१. मुलाला मांडीत ताठ बसवा, पाठ तुमच्या छातीला. पंपाचं झाकण काढून तो चांगला हलवा आणि स्पेसरच्या (पंप आणि मास्क यांच्यामधल्या प्लॅस्टिकच्या पोकळ नळीच्या) मागच्या भोकात उभा बसवा.
२. मास्क नाक आणि तोंड दोन्हींवर घट्ट टेकवा. कडेने हवा जायला फट नको.
३. एकदाच दाबा. मग पाच-सहा शांत श्वास होऊ द्या. स्पेसरची झडप हलताना दिसते, ती मोजा.
४. दुसरा पफ लिहून दिला असेल तर अर्धं-एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा, पुन्हा एकच दाबा. दोन पफ एकदम दाबू नका.
५. स्टिरॉइडचा पंप झाला की चूळ भरायला लावा, चेहरा पुसा. अगदी लहान असेल तर दोन घोट पाणी पाजा.

रडणं थांबवायला आम्ही आठवडाभर औषधाशिवाय नुसता मास्क खेळायला दिला. आधी अस्वलाला पंप, मग बाबांना (रिकामा, अर्थात), मग त्याला. श्वास मोजायला "एक होती चिमणी" असं काहीतरी सहा ठेक्यांचं म्हणायचं. आता तोच मला सांगतो, "आई, हलवलास का?" चार वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांना मास्क काढून तोंडात धरायची नळी जमते. जमली की तीच बरी.

स्पेसर पंधरा दिवसांतून एकदा कोमट साबणपाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. फडक्याने आतून पुसू नका. पुसल्याने प्लॅस्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटून बसतं. पंपावर मोजणीचा आकडा नसेल तर तो सुरू केल्याची तारीख डबीवर लिहून हिशोब ठेवा. १२० डोसचा पंप रोज चार पफप्रमाणे महिनाभरच पुरतो. डबी संपल्यावरही "फुस्स" असा आवाज येत राहतो, आणि आम्ही एकदा दोन आठवडे तोच वारा दिला आहे.

श्वास मोजायला शिका

हे काम मूल बरं असताना करा. गाढ झोपलेलं असताना घड्याळ घेऊन पूर्ण ६० सेकंद पोट किती वेळा वर येतं ते मोजा. तीन रात्री मोजलं की तुमच्या मुलाचा नेहमीचा आकडा हाती येतो. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल, तर तो वेगवान समजतात. रडताना मोजलेलं धरू नका.

पण अटॅक सहसा एकदम येत नाही. आदल्या दिवशी-दोन दिवशी काहीतरी चुकचुकत असतं. आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: नाक चोळतो, डोळ्यांखाली काळं येतं, जेवताना मध्येच थांबतो, झोपेत कुरकुरतो, मग पहाटेचा खोकला. तुमच्या मुलाचा क्रम वेगळा असेल. तो वहीत लिहून काढा. ही वही म्हणजे प्रबंध नव्हे, एका दिवसाला एक ओळ: खोकला कधी, धापेचा पंप किती, बाहेर काय झालं होतं.

मग एक कागद डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा. त्यात तीन गोष्टी हव्यात: चांगल्या दिवशी काय द्यायचं, सर्दी सुरू झाली की काय, आणि धाप लागली की काय. एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी धापेच्या वेळी साधारणपणे असं सांगितलं जातं: साल्ब्युटामॉलचे दोन पफ, एकेक करून, स्पेसरमधून. वीस मिनिटं पाहायचं. उतार नसेल तर पुन्हा दोन. आणखी वीस मिनिटांनी पुन्हा दोन. सहा पफनंतरही पोट उडतच असेल तर दवाखाना, आणि वाटेत पंप चालू ठेवायचा. आराम पडला पण दोन-तीन तासांत पुन्हा धाप लागली, तरी त्याच वेळी दाखवायचं. वर्षाच्या आतल्या बाळासाठी इतकं थांबूच नका. मूल बसतं ठेवा, आडवं झोपवू नका. सगळं घर त्याच्याभोवती जमवू नका.

आता ज्या वेळी कागद बघत बसायचं नाही ती वेळ. बरगड्यांच्या मधली आणि गळ्याखालच्या खळगीतली कातडी आत ओढली जातेय, नाकपुड्या फुगतायत, एक वाक्य सलग बोलता येत नाही, पाणी किंवा दूध ओढता येत नाही, ओठ-जीभ निळसर, मूल गळून गेलंय किंवा गुंगीत आहे. यातलं काहीही दिसलं तर पंप देत देत निघा, १०८ ला फोन करा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९२ किंवा खाली दाखवत असेल तरीही तेच. पण तो ९६ दाखवतोय आणि मूल मात्र ओढून श्वास घेतंय, तर मुलावर विश्वास ठेवा, यंत्रावर नाही. बोट गार असलं, हात हलला तरी आकडा चुकतो. एक फसवी गोष्ट: सुंईसुंई आवाज एकाएकी थांबला आणि मूल तरीही दमलेलंच आहे, तर ते बरं वाटणं नव्हे. आत हवाच जात नाहीये.

"वाफ" या शब्दाचा घोळ

मराठीत नेब्युलायझरलाही वाफ म्हणतात आणि पातेल्यातल्या उकळत्या पाण्यालाही. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरपण वाफच देतात ना, मग घरी दिली तर काय झालं?" त्यांचं तर्कशास्त्र चुकीचं नव्हतं, शब्द चुकीचा होता. नेब्युलायझरमध्ये पाणी गरम होत नाही, त्यात औषधाचं तुषारासारखं धुकं होतं. पातेल्यातल्या वाफेत औषधच नसतं, श्वासनळी त्याने उघडत नाही, आणि पातेलं कलंडून पोरं भाजतात. आमच्याकडे ते थोडक्यात वाचलं. घरचं नेब्युलायझर असेल तर ठीक, पण साध्या-मध्यम त्रासात पंप आणि स्पेसर तितकंच काम करतात. वीज लागत नाही आणि एसटीत बसूनही देता येतो.

घरातलं काय काढायचं

सगळं एकदम काढायला गेलात तर आठवडाभरात थकाल. धुरापासून सुरुवात करा, सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो. घरात सिगारेट-बिडी नाही, गॅलरीतही नाही, कारण धूर कपड्यांतून आत येतो. मच्छर अगरबत्ती बंद, मच्छरदाणी चालू. उदबत्ती आणि धूप यावर आमच्याकडे दोन महिने शीतयुद्ध चाललं. शेवटी देवापुढे समई आणि फुलं, उदबत्ती फक्त गणपतीत आणि तीही तुळशीपाशी, बाहेर. मिरचीची फोडणी घालताना मूल दुसऱ्या खोलीत. गावी चूल असेल तर पोराचं झोपणं स्वयंपाकघरात नको.

दिवाळीत फुलबाजी आणि सापाची गोळी "लहान मुलांची" म्हणून बिनदिक्कत हातात दिली जाते. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा सगळ्यात जास्त सूक्ष्म कण निघाले ते या सापाच्या गोळीतूनच. आमचा मुलगा आता किल्ला करतो, त्यावर मावळे कुठे उभे करायचे यात त्याची दिवाळी जाते. दिवाळीच्या आधीची झाडझूड मात्र त्याला मावशीकडे पाठवून करा.

मग ओल. पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला काळे ठिपके येतात ती बुरशी. कपाट भिंतीपासून वीतभर सरकवा, गळती दुरुस्त करा, आतल्या दोरीवर ओले कपडे वाळत घालू नका. (भाड्याच्या घरात मालक हे ऐकतात का, तो विषय वेगळा. आमच्यासाठी घर बदलणं सोपं पडलं.) आणि अंथरूण. आजीच्या लुगड्यांची गोधडी मऊ असते, पण वर्षानुवर्षं न धुतलेल्या गोधडीत धुळीतले बारीक किडे भरपूर असतात. नुसतं उन्हात घालून ते पुरते जात नाहीत. उशीचा अभ्रा, चादर, पांघरूण आठवड्याला खूप गरम पाण्यात, साधारण ६० अंशांच्या आसपास, धुवा. गोधडी टाकून द्यायची गरज नाही. आम्ही तिला धुता येईल अशी खोळ शिवली. केर काढण्याऐवजी ओलं फडकं, पंख्याची पाती महिन्याला एकदा, झुरळांचा बंदोबस्त, गॅलरीत कबुतरांना दाणे नाहीत.

बाहेरचं आपल्या हातात थोडंच असतं. पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटवर पांढऱ्या फुलांचं गाजर गवत माजतं. आपल्या देशात त्याची पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली. ते फुलायच्या आधी सोसायटीला उपटायला लावा, हातमोजे घालून.

सततच्या सर्दी-तापात काय टाळायचं

नाक वाहणं, हलका ताप, खोकला हे बहुतेक वेळा विषाणूंचं काम असतं, आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. मागच्या वेळची बाटली पुन्हा उघडू नका. "हे कशासाठी?" एवढं विचारलं तर चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

खोकल्याची सिरप तर लांबच ठेवा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या भागातली मुलं विषारी सिरपने दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली ही औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. शिवाय बाळदम्याचा खोकला सिरपने थांबत नाही, दबतो, आणि आपल्याला वाटतं बरं वाटलं. वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध चालतो. वर्षाच्या आत मध मुळीच नको.

लसींचं मात्र टाळू नका. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर दर वर्षी. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो म्हणून ती पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये. पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूवरची) लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे. लसीकरणाच्या कार्डावर तिची नोंद आहे का, ते बघा.

केळं, दही, सीताफळ, फ्रिजमधलं पाणी यांच्याबद्दल प्रत्येक नातेवाइकाचं मत असतं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी त्रास होतो असं वहीत दिसलं तर तो थांबवा, नाहीतर नाही. आमच्या मुलाचं केळं दीड वर्ष बंद होतं आणि वजन हलत नव्हतं. मृग नक्षत्राला हैदराबादचं माशातलं औषध, कोजागिरीची खीर हेही सुचवलं जाईल. नाही म्हणायला जड जात असेल तर निदान पंप बंद करू नका.

शाळेत आणि आजोळी

मूल ज्याच्या ताब्यात असेल त्याला पंप देता आला पाहिजे. बाईंना चिठ्ठी नको, दहा मिनिटं बसून दाखवा. दप्तरात झिपच्या पाउचमध्ये धापेचा पंप, स्पेसर, कागदाची प्रत आणि दोन फोन नंबर. आमच्या पहिल्या बालवाडीत "आम्ही औषध देत नाही" असं सांगून पाउच परत पाठवलं होतं. तेव्हा आम्ही डॉक्टरांचं पत्र घेऊन पुन्हा गेलो. खेळाच्या तासाला बाजूला बसवू नका म्हणून स्पष्ट सांगा. पळाल्यावर धाप लागत असेल तर तो आजार आटोक्यात नसल्याचा निरोप आहे, पळणं बंद करायचं कारण नव्हे.

दर महिन्याला वही उघडून चार प्रश्न. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून एकदापेक्षा जास्त त्रास झाला का? रात्री एकदा तरी खोकून उठला का? खेळताना थांबला का? धापेचा पंप आठवड्यात एकदापेक्षा जास्त लागला का? एकाचं जरी उत्तर "हो" असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करा. सगळी उत्तरं "नाही" असतील तर दर तीन महिन्यांनी दाखवायला जा, पंप-स्पेसर सोबत न्या आणि डोस कमी करता येईल का विचारा. स्वतःहून कमी करू नका. आणि निदान जूनच्या तोंडावर किंवा दिवाळीच्या आधी तरी नको.

आमचा डोस पहिल्यांदा फेब्रुवारीत कमी झाला. त्या महिन्याच्या पानावर एकच ओळ आहे, त्याच्या बाबांच्या अक्षरात: "गॅदरिंग. कोळीगीत पूर्ण नाचला. खोकला नाही. आईसक्रीम दोन."